व्हिडिओ कॅमेऱ्याची निगा: तो वापरून कमी आणि पडून राहून जास्त बिघडतो

चौकट

आमच्या गटाचे काही सामायिक व्हिडिओ कॅमेरे आहेत. कार्यक्रम असला की कुणीतरी घेऊन जातं, झाला की परत आणून देतं, आणि मधल्या काळातली देखभाल माझ्याकडे असते. शिवाय ओळखीतले लोक आपापले कॅमेरे "जरा बघशील का, चालूच होत नाहीये" म्हणून आणून ठेवतात. इतके कॅमेरे हाताखालून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. रोज बाहेर निघणारा, धूळ आणि ऊन खाणारा कॅमेरा सहसा वर्षानुवर्षं चालतो. बिघडतो तो मऊ पिशवीत गुंडाळून, बॅटरी आतच ठेवून, कपाटात मागे सारून दिलेला. म्हणून साफसफाईच्या आधी ठेवण्याबद्दल लिहितो.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, त्यात अंधार आणि कोंदटपणा असला, की लेन्सवर बुरशी धरते. तिला खायला फारसं काही लागत नाही. बोटाचा ठसा, धुळीचा कण, आतल्या वंगणाचा सूक्ष्म थर, एवढ्यावर तिचं भागतं. वाढताना ती आम्ल सोडते, त्याने आधी काचेवरचं कोटिंग जातं आणि नंतर काचच कोरली जाते. बुरशी पुसता येते, पण कोरलेली काच परत गुळगुळीत होत नाही. म्हणून ती लवकर दिसायला हवी.

बघायची पद्धत सांगतो. खोलीत अंधार करा. लेन्स सुटी होत असेल तर काढून हातात घ्या, नसेल तर कॅमेरा चालू करून झूम पूर्ण बाहेर आणि आयरिस (प्रकाश आत सोडणारं लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडी ठेवा. छोटा टॉर्च लेन्सवर सरळ न मारता कडेकडून तिरका धरा आणि हळूहळू गोल फिरवा. सुटे सुटे चमकणारे ठिपके दिसतील, ती धूळ. ती प्रत्येक लेन्समध्ये थोडीफार असते आणि चित्रात दिसत नाही, तिच्यासाठी लेन्स उघडू नका. सगळीकडे सारखा दुधट थर दिसला तर ती बहुधा वंगणाची वाफ बसलेली असते. बुरशी मात्र लगेच ओळखू येते: बहुतेक वेळा काचेच्या कडेपासून सुरू होऊन मध्याकडे सरकणारे, फाटे फुटलेले पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ते समोरच्या किंवा मागच्या बाहेरच्या काचेवर असतील तर घरी पुसता येतात. आतल्या काचांवर असतील तर कारागिराकडेच द्या आणि तेही लवकर.

ठेवायचं कसं? ४० ते ५० टक्के आर्द्रता लेन्सला मानवते. ३० च्या खाली फार काळ नको, वंगण आणि रबर सुकतं. ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली आर्द्रता ठरावीक राखणारं कपाट, असेल तर उत्तमच. नसेल तर रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. मापक हवाच, कारण सिलिका जेल अजून काम करतंय की नाही हे त्याच्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली चामड्याची किंवा फोमची पेटी प्रवासापुरती वापरा. चामडं, फोम आणि कापड ओल धरून ठेवतात आणि ती ओल थेट लेन्सला लागून राहते.

आता बॅटरी. लिथियम-आयनला दोन गोष्टी सोसत नाहीत: पूर्ण भरून उष्णतेत पडून राहणं आणि पूर्ण रिकामी होऊन पडून राहणं. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची क्षमता जेमतेम ४ टक्के घटते. तीच पूर्ण भरून ४० अंशांत ठेवली तर साधारण ३५ टक्के क्षमता कायमची जाते. उलट टोकाला, बॅटरी कॅमेऱ्यात राहिली तर कॅमेरा बंद असतानाही थोडा थोडा प्रवाह ओढत राहतो. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की आतलं संरक्षक सर्किट बॅटरी बंद करून टाकतं आणि मग चार्जर तिला ओळखतच नाही. म्हणून अर्धी भरा, बाहेर काढा, संपर्कपट्ट्यांवर झाकण लावा, थंड जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. फुगलेली बॅटरी दाबून आत बसवू नका, टोचू नका, चार्ज तर मुळीच करू नका. ती ई-कचऱ्यात द्या.

आणि महिन्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चालवा. झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत, फोकस, आयरिस, स्टॅबिलायझर, स्क्रीनची बिजागरी, सगळी बटणं. पाच-दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि ते परत बघा, आवाजासकट. वंगण जागचं हलतं, सर्किट गरम होऊन आतली ओल उडते, आणि काही बिघडलं असेल तर ते कार्यक्रमाच्या दिवशी कळण्याऐवजी आधी कळतं.

वाळू, समुद्र, टेप, केबल यांतलं इथल्या बऱ्याच जणांना माझ्याहून जास्त माहीत आहे. कृपया भर घाला.

सांजवारा

वाचनखूण साठवली आहे. दोन शंका. सिलिका जेल संपलं हे मापकाशिवाय रंगावरून ओळखता येतं ना? आणि आमचा कॅमेरा आजवर कपड्यांच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी आहे. गोळ्यांमुळे बुरशी दूर राहते असं घरात म्हणतात.

चौकट

आधी गोळ्यांचं. कॅमेरा तिथून आजच हलवा. त्या गोळ्या कपड्यातल्या किड्यांसाठी असतात. त्यांनी हवेतली ओल कमी होत नाही आणि बुरशीचं मूळ ओलीत आहे. उलट ती वाफ सगळीकडे जाऊन बसते आणि काही प्रकारचं प्लॅस्टिक तिने मऊ पडतं.

रंगाचं म्हणाल तर निळे दाणे गुलाबी झाले की भरले, नारिंगी दाणे हिरवट झाले की भरले. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला वाईट. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी घ्या. पांढरे दाणे रंग बदलत नाहीत, तिथे मापकच लागतो. भरलेले दाणे फेकायचे नाहीत. धातूच्या ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा, मूळ रंग परत येतो. खूप जास्त तापवलं तर दाण्यांची ओल शोषायची ताकदच कमी होते. गरम दाणे उघड्यावर गार होऊ देऊ नका, झाकणाच्या बरणीत भरा, नाहीतर गार होता होताच ओल पिऊन बसतील. आणि दाणे सुटे टाकू नका, त्यांची बारीक भुकटी होते. कापडी पुडीत बांधून कॅमेऱ्यापासून थोडं लांब ठेवा.

रानवाट

माझं बहुतेक चित्रण उघड्यावर असतं, त्यामुळे त्या बाजूचं लिहितो.

थंड खोलीतून दमट उष्ण हवेत गेलं की कॅमेऱ्यावर दव धरतं. समोरच्या काचेवरचं पुसता येतं, आतल्या काचांवरचं आणि सर्किटवरचं नाही. उपाय साधा आहे, पण तो खोलीतून निघायच्या आधी करायचा असतो. कॅमेरा झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, मग बाहेर न्या. दव पिशवीच्या बाहेरून धरेल. कॅमेरा बाहेरच्या तापमानाला आला की काढा. हातातला छोटा कॅमेरा अर्ध्या-पाऊण तासात येतो, खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याला तासाहून जास्त लागतो. आत दव धरलंच तर बंद करा, बॅटरी काढा, लेन्स अजिबात काढू नका आणि वाट बघा. केस वाळवायचं यंत्र वापरू नका. त्याने ओल आत ढकलली जाते आणि प्लॅस्टिक वाकतं.

वाळूबद्दल लोक हमखास घाई करतात. वाळूत क्वार्ट्‌झ असतं, मोह्सच्या मापावर त्याची कठीणता ७. काच साधारण साडेपाच ते सहा. म्हणजे लेन्सवर वाळूचा एक कण असताना कापड फिरवलंत तर तुम्ही काच घासत आहात. लेन्सचं तोंड जमिनीकडे करा आणि रबरी ब्लोअरने फुंका, म्हणजे सुटलेला कण खाली पडतो. मग मऊ ब्रश, तोही फक्त लेन्ससाठी राखलेला, ज्याच्या केसांना कधी बोट लागलेलं नाही. पुन्हा ब्लोअर. टॉर्च तिरका मारून कण उरला नाही हे बघा आणि मगच कापड. द्रवाचे एक-दोन थेंब कापडावर घ्या. थेट काचेवर टाकले तर ते कडेने आत झिरपतात. मध्यापासून बाहेर गोल गोल, हात हलका. डाग राहिला तर कापडाचा दुसरा कोपरा घ्या, जोर वाढवू नका.

डब्यातली दाबलेली हवा मी वापरत नाही. डबा जरा कलला की आतला थंड द्रव काचेवर उडतो, आणि तिचा जोर कणाला फटीत ढकलतो. खिडक्या पुसायचा अमोनियाचा द्रव तर लेन्सच्या आणि स्क्रीनच्या जवळही आणू नका, कोटिंग जातं.

झूम रिंग फिरवताना कुरकुर ऐकू आली तर फिरवणं तिथेच थांबवा. ब्रश आणि ब्लोअरने फट साफ होईपर्यंत हात लावू नका. फिरवत राहिलात तर कण आतल्या खाचेत उतरतो.

समुद्राजवळून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापडाने बाहेरचं सगळं अंग पुसायचं, मग कोरड्या कापडाने. मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि सुटे स्क्रू, ट्रायपॉडची प्लेट, बॅटरीच्या पट्ट्या गंजतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून धुवा, तो भाग सगळे विसरतात.

मुक्तछंद

@रानवाट, सविस्तर प्रतिसाद आवडला. काचेवर तोंडाची वाफ सोडून पुसण्याबद्दल काय मत? माझे गुरू आयुष्यभर तेच करत आले आणि त्यांच्या लेन्स आजही स्वच्छ आहेत. आणि समोर साधा काचेचा फिल्टर कायम लावून ठेवावा का?

रानवाट

वाफेबद्दल उत्पादक सहसा नको म्हणतात, कारण तिच्याबरोबर थुंकीचे सूक्ष्म थेंबही काचेवर येतात. तुमच्या गुरूंच्या लेन्स स्वच्छ राहिल्या त्या पुसण्याआधी ते कण नीट झटकत असणार म्हणून, असं मला वाटतं. अडीअडचणीला मीही बाद करणार नाही. हाताशी लेन्सचा द्रव असेल तर तोच वापरावा.

फिल्टर: वाळू, समुद्र, चिखल, गर्दी असेल तर हवाच. रात्री दिवे चौकटीत असतील तर काढा. दिव्याची प्रतिमा फिल्टर आणि लेन्स यांच्यात परावर्तित होऊन चित्रात भलत्या जागी हिरवट ठिपका येतो आणि व्हिडिओत तो कॅमेऱ्याबरोबर हलतो, त्यामुळे फार खटकतो.

दिवेलागण

माझ्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तपकिरी डाग आलाय, एका बाजूला वाकडी रेघ असल्यासारखा. स्क्रीनवर नाही, रेकॉर्डिंगमध्येही नाही. सेन्सर गेला का?

चौकट

सेन्सर शाबूत आहे. रेकॉर्डिंगमध्ये डाग नाही हाच पुरावा. डाग व्ह्यूफाइंडरच्या आतल्या छोट्या पडद्यावर आहे आणि तो उन्हाने पडलेला आहे. डोळा लावायची ती काच हे भिंगच असतं. कॅमेरा ट्रायपॉडवर उभा असताना मागून ऊन त्यातून शिरलं की ते भिंग सूर्य पडद्यावर एकवटतं. त्याला काही मिनिटं पुरतात. सूर्य सरकतो तसा डागही लांबत जातो, म्हणून रेघ दिसते. तो पुसून जात नाही, पडदाच बदलावा लागतो. कामाला अडत नसेल तर तसाच वापरा. पुढे मात्र उन्हात कॅमेरा सोडून हटताना व्ह्यूफाइंडरवर कापड टाका किंवा तो खाली वळवून ठेवा. गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या कॅमेऱ्यालाही हे होतं.

सेन्सर खरोखर जातो तो लेझरने. रंगमंचावरचा लेझर किरण थेट लेन्समध्ये आला तर क्षणात कायमची रंगीत रेघ किंवा मेलेल्या पिक्सेलचा पुंजका उमटतो. प्रेक्षकांवरून लेझर फिरणार असतील तर कॅमेरा कुठे उभा करायचा हे प्रकाशयोजना करणाऱ्यांना आधी विचारा.

तारयंत्र

केबलवाल्यांच्या वतीने माझी भर. हे निगेतच येतं, कारण दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत पोर्ट, म्हणजे केबल लावायचं तोंड, बिघडलेले फार असतात.

मायक्रो-एचडीएमआय फारच नाजूक. मॉनिटरची केबल त्यातून लोंबकळत ठेवली तर काही महिन्यांत पोर्ट बोर्डावरून सैल होतो. केबल कॅमेऱ्याच्या अंगाला क्लॅम्पने बांधा म्हणजे ओढ क्लॅम्पवर येते.

एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची चित्र नेणारी केबल-जोडणी) असलेल्या कॅमेऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा आहे. कॅमेरा आणि मॉनिटर एकाच बॅटरीवर असतील तर आधी वीज जोडा, मग एसडीआय. सोडवताना आधी एसडीआय, मग वीज. उलट केलंत आणि विजेच्या जोडणीत ग्राउंडच्या आधी पॉझिटिव्ह टेकलं, तर मॉनिटरचा सगळा परतीचा प्रवाह एसडीआयच्या कवचातून जातो आणि बोर्ड जळतो. जाड, चांगलं कवच असलेली एसडीआय केबल वापरली तर धोका कमी होतो. मोठे कॅमेरे बनवणाऱ्यांनी स्वतः ही सूचना दिलेली आहे, तरी चित्रीकरणाच्या धांदलीत ती पाळली जात नाही.

माइकचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज, चालू ठेवून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची केबल) लावू-काढू नका. आधी बंद करा. जुन्या रिबन माइकला तर त्याने इजा होऊ शकते.

फीतवाला

टेपवाल्या कॅमेऱ्यांना विसरू नका, घराघरांत ते पडून आहेत आणि त्यांच्यासाठी आता वेळ थोडा आहे.

मिनी-डीव्ही, म्हणजे छोटी डिजिटल व्हिडिओ कॅसेट, १९९५ साली आली. टेपची रुंदी ६.३५ मिलिमीटर, तिच्यावरचा एकेक ट्रॅक १० मायक्रॉनचा, आणि टेप वाचणारं हेड ज्यावर बसवलेलं असतं तो ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. या मापात धुळीचा एक कण केवढा अडथळा असेल बघा. हेड घाण झालं की चित्रात चौकोनी ठोकळे येतात, पट्टे येतात, आवाज तुटतो. अशा वेळी क्लीनिंग कॅसेट घाला आणि तिच्यावर लिहिलेला वेळच, म्हणजे बहुधा पाच-दहा सेकंद, चालवा. ही कॅसेट रिवाइंड करून पुन्हा वापरायची नसते, मळलेला भाग परत हेडवर येतो. दर आठवड्याला सवय म्हणूनही घालू नका. ती खरवडूनच साफ करते आणि हेडची झीज होते. ठोकळे दिसले तरच.

कापसाची काडी घेऊन ड्रम साफ करायला जाऊ नका. धागे हेडच्या फटीत अडकतात आणि वर-खाली घासलं तर हेडचं टोक तुटतं.

कॅसेट कॅमेऱ्यात ठेवून कॅमेरा बंद करून महिनोन् महिने ठेवू नका. पूर्ण रिवाइंड करून, डब्यात उभी ठेवा, लाउडस्पीकरसारख्या चुंबकाच्या वस्तूंपासून लांब. दव पडल्याची सूचना स्क्रीनवर आली की कॅसेट घालू नका. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळून तुटते. कॅसेट बाहेर असेल तर कप्पा उघडा ठेवून तासभर थांबा.

सांजवारा

@फीतवाला, आमच्याकडे वडिलांचा हाय-एट (जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटचा) कॅमेरा आणि बऱ्याच कॅसेट आहेत. अनेक वर्षांत चालू केलेला नाही. चौकट म्हणतात तसं महिन्याला चालवायला सुरुवात करू का?

फीतवाला

थांबा, तुमच्या बाबतीत क्रम वेगळा आहे. हाय-एट १९८९ ची. त्या काळातल्या कॅमेऱ्यांत बोर्डावर बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ते वयानुसार गळतात आणि तो द्रव बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातो. रबरी चाकं कडक होतात. असा कॅमेरा चालू झाला तरी तो किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो.

म्हणून त्यात पहिली कॅसेट घरातली महत्त्वाची घालू नका. रिकामी किंवा बिनकामाची कॅसेट घालून बघा: आत घेतो का, चालवतो का, आणि बाहेर नीट देतो का. टेपला कडेने सुरकुती पडलेली दिसली तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. सगळं नीट असेल तर लगेच सगळ्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्या. मौल्यवान आहे ते टेपवरचं चित्रण, त्याच्यापुढे कॅमेऱ्याचं काही नाही. काही डिजिटल-एट कॅमेरे (तशाच कॅसेटवर डिजिटल चित्रण करणारे) हाय-एट कॅसेट वाजवतात आणि फायरवायर केबलने संगणकाला थेट डिजिटल देतात. कुणाकडून तसा मिळाला तर काम सोपं होतं. त्या वाटेने एका तासाच्या चित्रणाला साधारण १३ जीबी जागा लागते. उतरवलेली मूळ फाइल ठेवा, आकुंचित केलेली प्रत फक्त बघायला आणि वाटायला.

उतरवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं बसलेले थर मोकळे होतात. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट कुठल्याही यंत्रात घालू नका. तिच्यामुळे हेड खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही ती लागेल.

अबोली

बुरशीचा विषय निघालाच आहे तर, बुरशी लागलेली लेन्स बाकीच्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवली तर पसरते का? वेगवेगळी मतं ऐकली.

आणि माझ्या कॅमेऱ्याची रबरी पकड चिकट झाली आहे, हाताला लागते. ती कशाने काढायची?

चौकट

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, तुमच्या स्वच्छ लेन्सवरही आहेत. ते वाढतात की नाही हे ओल ठरवते. आर्द्रता ४५ टक्क्यांवर असलेल्या डब्यात शेजारी ठेवल्याने काही होणार नाही असं मला वाटतं. तरीही मी वेगळीच ठेवतो, कारण डबा किती काळ कोरडा राहील याची खात्री मी देऊ शकत नाही. उन्हात धरली तर अतिनील किरणांनी वाढ थांबते असं म्हणतात, ते काही अंशी खरं आहे. पण आतले तंतू तसेच राहतात, आणि लेन्स उन्हाकडे तोंड करून ठेवणं आगीच्या दृष्टीनेही धोक्याचं.

चिकटपणा: ते बहुधा प्लॅस्टिकवर दिलेलं मऊ कोटिंग असतं, ओलीने त्याची रासायनिक मोडतोड होते. ते परत पूर्वीसारखं होत नाही, काढूनच टाकावं लागतं. बॅटरी काढा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा, मग थोडं थोडं पुसत जा. कापड सारखं बदला. खालचं कडक प्लॅस्टिक उघडं पडेल, ते चांगलं असतं. बटणांवरची छापील अक्षरं अल्कोहोलने जातात, तिथे लावू नका. स्क्रीनवरही नको. जाड रबराचा पट्टा चिकटवलेला असेल तर तो सुटा मिळतो, नवीन लावा.

मुक्तछंद

सुट्या लेन्सच्या कॅमेऱ्यात सेन्सरवरची धूळ स्वतः काढावी का? स्टिलमध्ये एखादा ठिपका नंतर पुसता येतो, व्हिडिओत सगळं हलतं आणि तो ठिपका एका जागी थिजलेला.

चौकट

बरोबर आहे, व्हिडिओत धूळ जास्त जाचते. आधी खात्री करा. आयरिस एफ-१६ वर (म्हणजे छिद्र बारीक), फोकस मुद्दाम धूसर ठेवून, पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश रेकॉर्ड करा. ठिपके सेन्सरवर असतील तर दिसतील. बऱ्याचदा ते एफ-४ ला (छिद्र मोठं असताना) दिसतही नाहीत, म्हणून उन्हात आयरिस आवळण्यापेक्षा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) वापरला तर सेन्सर वारंवार साफ करायची वेळच येत नाही.

काढायची झाली तर बॅटरी भरलेली हवी, कॅमेऱ्याचं तोंड खाली, मेनूतलं सेन्सर साफ करायचं फंक्शन, मग ब्लोअर, नळी आत न घालता. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. ओला स्वॉब चालवायचा तर सेन्सरच्याच रुंदीचा घ्या, एक फेरा आणि फेकून द्या. सेन्सर हलवून स्थिर करणारे कॅमेरे असतील तर मात्र माहितीपुस्तिका काय म्हणते ते बघा. तिथे सेन्सर तरंगता असतो आणि दाब दिला तर यंत्रणेला इजा होते.

काळ्या चित्रात एकाच जागी चमकणारा लाल-निळा बिंदू ही धूळ नव्हे, तो गरम पिक्सेल. लेन्सवर झाकण घालून मेनूतलं पिक्सेल मॅपिंग किंवा ब्लॅक बॅलन्स चालवा, बहुधा जातो.

किनारा

तातडीचा प्रश्न. कार्यक्रमाच्या मध्येच बॅटरी निघाली आणि शेवटची क्लिप संगणकावर उघडत नाही. फाइल आहे, आकारही मोठा दिसतोय. संगणक म्हणतो कार्ड फॉरमॅट करा.

तारयंत्र

फॉरमॅट करू नका आणि त्या कार्डवर आणखी काहीही रेकॉर्ड करू नका. एमपी-४ सारख्या फाइलमध्ये चित्राची कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहितात. वीज मध्येच गेली की चित्र कार्डवर असतं पण सूची नसते, म्हणून उघडत नाही.

पहिलं पाऊल: भरलेली बॅटरी लावून तेच कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घाला. पुष्कळ कॅमेरे कार्ड तपासून दुरुस्त करू का असं विचारतात. हो म्हणा आणि लाल दिवा विझेपर्यंत हात लावू नका. विचारलं नाही तर मेनूत कार्ड किंवा डेटाबेस दुरुस्तीचा पर्याय शोधा. तेही नसेल तर कार्डाची पूर्ण प्रतिमा संगणकावर घ्या आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर त्या प्रतीवर चालवा. त्याला त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते.

किनारा

कॅमेऱ्याने विचारलं, हो म्हटलं, क्लिप आली! शेवटचे काही सेकंद नाहीत, बाकी सगळं आहे. खूप खूप आभार. हे कार्ड आता पुन्हा वापरू का?

तारयंत्र

छान झालं. आधी ती क्लिप दोन वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि दोन्हीकडून उघडून शेवटपर्यंत बघा. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको. कॅमेऱ्याला हवी तशी फोल्डरची मांडणी त्यातूनच होते. वीज गेल्याने झालेला बिघाड असेल तर कार्डात दोष नाही. एकदा पूर्ण भरेपर्यंत घरी रेकॉर्ड करून बघा. मध्ये थांबलं किंवा पुन्हा त्रुटी आली तर ते कार्ड कामावर नेऊ नका.

वेगही तपासून घ्या. कॅमेऱ्याचा बिटरेट (सेकंदाला लिहिला जाणारा डेटा) मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो, कार्डाचा मेगाबाइटमध्ये, म्हणजे ८ ने भागायचं. ४०० मेगाबिटला सेकंदाला ५० मेगाबाइट लागतात. व्ही-३० कार्ड ३० चीच हमी देतं, तिथे व्ही-६० हवं. आणि कार्यक्रम लांब असेल तर भरलेली बॅटरी अर्धी उरली असतानाच, दोन भाषणांच्या मधल्या वेळेत, रेकॉर्डिंग थांबवून बदला.